ठोकळ्यांच्या कोपऱ्यातील तहाची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. थोरांनी वाचावी, धाकट्यांनी हसावे, ऐसी हकीकत जाहली ती येणेप्रमाणे. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठ मास. ते समयी एका राज्यात शिशुवर्ग नामे प्रांत होता आणि तेथील ठोकळ्यांच्या कोपऱ्यावर मृण्मयीबाई पागनीस यांचा अंमल चालत असे. वय वर्षे चार, मिजास चाळिसांची. तमाम ठोकळे आपलेच म्हणत आणि किल्ला बांधीत, आणि कोणी हात लाविला तर ऐसी किंकाळी फोडीत की शेजारच्या वर्गातील झोपलेली बाळे उठोन रडू लागत.

मग निहार धुमाळ म्हणोन नवे सरदार प्रांती दाखल जाहले. त्यांस तेथील रीत ठाऊक नाही. डबा खाऊन थेट कोपऱ्यात आले आणि बुरुजावरील लाल ठोकळा उचलिला. बाईंस राग अनावर जाहला आणि त्यांनी दोहों हातांनी ढकलिले, आणि निहारराव भिंतीवर आदळले, आणि कपाळास लिंबाएवढे टेंगूळ आले.

हे वर्तमान दोहीं घरी पोचताच मोठा क्षोभ जाहला. मुख्याध्यापिकांनी दरबार भरविला. पागनीस बोलिले, "आमची मुलगी तशी नाही. आधी त्यानं हात लावला." धुमाळ बोलिले, "हात लावला म्हणून काय डोकं फोडायचं?" मग मुख्याध्यापिकांनी थोर मसलत करून हुकूम सोडिला की, मुलांचे अंगी सामाजिक कौशल्ये आजच यावीत. तेव्हा मृण्मयीबाई पंख्याकडे पाहोन "सॉरी" बोलिल्या आणि निहारराव आपल्या बुटांकडे पाहोन "इट्स ओके" बोलिले, आणि टाळ्या जाहल्या, आणि फोटो निघोन पालकांच्या ग्रुपवर फिरला, आणि कौशल्ये आली ऐसे ठरले.

दुसरे दिवशी कोपरा सुना. निहारराव वाळूत खेळत होते आणि सारी फौज तिकडेच. बाईंनी किल्ला छातीएवढा उंच केला, परंतु पाहावयास कोणी नाही, वेढा घालावयास कोणी नाही. एकट्याच आत बसल्या. मग उठोन वर्गाच्या शालिनीताईंपाशी गेल्या. "ताई, त्याला सांगा ना माझ्याशी खेळायला." ताई बोलिल्या, "मी सांगितलं तर तो मला घाबरून येईल. तूच विचारून बघ ना."

वाळू ती काय लांब, परंतु बाईंस कोसभर वाटली. जवळ जाऊन पाहतात तो टेंगूळ निळे पडलेले. बोट लावू गेल्या तो निहारराव मागे सरले.

"दुखतंय?"

"दाबलं की दुखतं."

बाईंनी बराच विचार केला आणि आपले कपाळ पुढे केले. "माझं दाब." निहाररावांनी दाबोन पाहिले आणि बोलिले, "इथं तर काहीच नाहीये!" आणि दोघांस ऐसे हसू फुटले की वाळूत बसावे लागले. मग बाई बोलिल्या, "किल्ल्यात येतोस? पण राणी मी." "मग मी हत्ती," ऐसे बोलोन निहारराव सोंड हलवीत दरवाजात शिरले, आणि दरवाजा कोसळला. बाईंनी किंकाळीसाठी तोंड उघडिले आणि मिटिले. "हत्तीला दार मोठं पाहिजे," बोलिल्या. मग इकडे तीन ठोकळे, तिकडे दोन, आडवी फळी राहीना. "तुझ्याकडे एक कमी आहे. हा घे," बाई बोलिल्या. ऐसे मोजीत, पाडीत, पुन्हा रचीत दार उभे केले आणि हत्ती सुखरूप आत गेला. ताई दुरोन पाहात होत्या, मध्ये पडल्या नाहीत.

सारांश, धाकट्यांचा तह मधल्या सुटीच्या आत जाहला. थोरांची बोलणी मात्र चालूच आहेत. आधी माफी कोणी मागावी हे ठरत नाही, आणि मुख्याध्यापिकांनी दर शुक्रवारी मैत्रीचा तास लाविला आहे, त्यात खेळण्यास मनाई. शाळा सुटता फाटकाशी पोरे एकमेकांचा हात सोडीनात, म्हणोन पागनीस व धुमाळ यांस रोज एके जागी, एकमेकांकडे पाठ करून, बराच वेळ उभे राहावे लागते. हे लिहिले असे.