कडक रबर

लग्न चार दिवसांवर आले असताना करुरी मास्तर गॅरेजच्या फळीपुढे उभा होता आणि फळीवर तीन रबरे मांडलेली होती. इंजिन ज्या बैठकांवर बसते त्यांची ही रबरे. एक मऊ, एक मध्यम आणि एक लालभडक, नखानेही न दबणारे.

"मास्तर, मधलं घ्या," ओडेरा मिस्त्री म्हणाला. "मऊ घेतलंत तर इंजिन डुलतं, गिअर टाकला की गाडी हिसका देते. लाल घेतलंत तर इंजिन जागचं हलणार नाही, पण त्याची सगळी थरथर तुमच्या हाडांत उतरेल. ते शर्यतवाल्यांचं काम. तुम्हाला काय, शाळेत जायचं नि यायचं."

"शनिवारी सासुरवाडीला जायचंय. घाट चढून."

"मग तर मधलंच. गाडीत म्हातारी माणसं असतील."

तेवढ्यात फोन आला आणि त्याची होणारी बायको न्योकाबी हिनेही हेच बजावले. ती नाकुरूच्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती आणि लग्नासाठी आईवडिलांकडे गेली होती. "असल्या गाड्यांनी खिळखिळ्या केलेल्या कमरा मी दिवसभर दाबते. घरी आणखी एक नको."

"मधलंच बसवतोय," असे म्हणून करुरीने फोन ठेवला आणि लाल रबर उचलले. तो खोटारडा माणूस नव्हता. पण वर्गात फळ्यावर घाट काढण्यात ज्याचे तारुण्य चालले आहे, त्याला एकदा तरी खऱ्या घाटाचे वळण झोकात घ्यावेसे वाटणारच.

शनिवारी सकाळी गाकुरु काका पुढच्या सीटवर बसले. वरपक्षाच्या वतीने बोलायचे ते त्यांनी. त्यांच्या रसाळ वाणीपुढे भल्याभल्या सासऱ्यांनी मान तुकवली होती. मागे न्जाम्बी आत्या मांडीवर भोपळा घेऊन बसली. भोपळ्यात मुरातिना होती, मुलीच्या बापापुढे ठेवायची मधाची दारू. करुरीने किल्ली फिरवली.

"अरे, भू-भू-भूकंप झाला का?" काकांनी विचारले.

"नाही काका, इंजिन गरम होतंय. चालायला लागली की थांबेल."

ते खरेही होते. गाडीने वेग घेतला की थरथर विरून जाई, गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडे आणि वळणावर गाडी शहाण्या बैलासारखी वळे. करुरीला स्वर्ग दोन बोटे उरला. मात्र घाटात ट्रकांची रांग लागली आणि उभ्या गाडीत ओडेराची भविष्यवाणी खरी होऊ लागली. आरसा हळूहळू छताकडे बघू लागला. काकांची कवळी स्वतंत्रपणे बोलू लागली. ती त्यांनी काढून रुमालात गुंडाळली.

"करुरी," मागून आत्या म्हणाली, "हा भोपळा आतून काहीतरी म्हणतोय."

"घट्ट धर, आत्या."

"घट्टच धरलाय रे. म्हणून तर घाबरलेय."

घुसळून घुसळून फेसाळलेल्या मुरातिनेने बूच उडवले आणि काकांच्या नव्या टोपीला मागून अभिषेक केला. तेवढ्यात गाडीही बंद पडली. बॅटरीचा चिमटा थरथरून सुटला होता आणि तो आवळायला कोणाकडे पाना नव्हता. मागच्या व्हॅनमधल्या पाहुण्यांनी सुटाबुटात धक्का मारून गाडी सुरू केली आणि बजावले, "आता काही झालं तरी बंद करू नकोस. आम्ही लग्नाला आलोय, हमालीला नाही."

मुलीकडच्या फाटकावर रिवाजाप्रमाणे बायकांनी वाट अडवून गाणी म्हटली. गाणी लांबली. सुरू गाडीत बसून काका त्यांना उत्तर देऊ लागले, ते कवळीवाचून आणि थरथरत.

"बिचारे," एक बाई दुसरीला म्हणाली. "एवढ्या म्हाताऱ्याला कशाला आणलंय?"

"बाई गं, पिऊन आलेत ते. वास बघ."

रसाळ वाणीची ही पुण्याई मांडवापर्यंत त्यांच्या पुढे पोचली. करुरीने गाडी मांडवाशेजारी सुरूच ठेवली. पुढची नंबरपाटी वाजंत्रीसारखी झणझणत होती. "नवी पद्धत आहे," असे त्याने विचारणाऱ्याला सांगितले.

मग त्या दिवसाची खरी परीक्षा आली. डोक्यापासून टाचेपर्यंत एकसारख्या कापडांत गुंडाळलेल्या दहा जणी ओळीने येऊन उभ्या राहिल्या. त्यांतून नवऱ्याने आपली बायको ओळखायची. चुकला तर एक बकरा दंड, आणि लाज वेगळी. न्योकाबीने तर आधीच सांगून ठेवले होते, "बकरा बाबांचा. दुसरीचा हात धरलास तर माझा विसर."

करुरी ओळीसमोरून चालला. उंचीवरून ओळखावे, तर बुटक्या मुलींनी विटांवर पाय ठेवले होते. लोकांच्या कमरा सरळ करणारी बाई, तेव्हा स्थिर उभी असेल ती न्योकाबी, असे त्याने मनाशी ठरवले होते. पण घाटभर थरथरलेले त्याचे डोळे अजून ठिकाणावर आले नव्हते. त्याला दहाही जणी थरथरताना दिसत होत्या. त्याने पुन्हा एक फेरी मारली.

"मास्तर, हजेरी घेताय का?" कोणीतरी विचारले. मांडव हसला.

"पोरी शिळ्या होतील, जावईबापू," एक म्हातारी म्हणाली.

करुरीने चौथीकडे हात नेला, मागे घेतला. तेवढ्यात नंबरपाटी जोरात झणझणली. आठव्या कापडातले डोके सावकाश गाडीकडे वळले आणि बराच वेळ तिकडेच राहिले. मग ते तितक्याच सावकाश करुरीकडे वळले. कापडाखाली दोन हात कमरेवर गेले.

करुरीने ते हात कापडासकट धरले. "ही."

कापड बाजूला झाले. बायकांनी मांडव डोक्यावर घेतला. सासऱ्यांनी डोळे पुसले आणि विचारले, "कशावरून ओळखलंस, बाळा?"

"मनानं," करुरी म्हणाला.

"मधलं बसवलं म्हणाला होतास," न्योकाबी ओठ न हलवता म्हणाली.

"हो."

"लाल आहे ते."

"हो."

"जाताना गाडी मी चालवणार. तू मागे बस, म्हणजे कळेल."

संध्याकाळी मेव्हण्याने पकडीने चिमटा आवळून दिला. करुरी मागे, आत्याशेजारी, गुडघे हनुवटीला लावून बसला. मागच्या सीटवर थरथर अधिकच जाणवते, हे ज्ञान त्याला त्या दिवशी झाले. तो निकाल ऐकायच्या तयारीने बसला होता.

घाट सुरू झाला. पहिल्या वळणावर न्योकाबीने चाक दोन्ही हातांनी घट्ट धरले. दुसऱ्या वळणाआधी तिने गिअर खाली घेतला. गाडी जराही हिसका न देता वळली आणि नीट सरळ झाली. तिसऱ्या वळणावर तिने पायांतल्या चपला काढून काकांच्या हातात दिल्या. काकांनी त्या मुकाट्याने घेतल्या.

"उद्याच ओडेराकडे जातो," करुरी मागून अजिजीने म्हणाला. "म-मऊ रबर बसवून घेतो."

"हात लावलास तर बघ."

"अगं, पण माझी कंबर?"

"तिच्यासाठी व्यायाम असतात," न्योकाबी म्हणाली आणि पुढच्या वळणासाठी तिने गिअर खाली घेतला.