डब्यात मांस, बाकी काही नाही

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: अख्ख्या बेलहाइम गावात माझ्यासारखं ब्रिस्किट कुणालाच जमत नाही! बैलाच्या छातीचा तो चिवट तुकडा ओकच्या धुरावर चौदा तास ठेवून मी असा मऊ करतो, की सुरी नुसती दाखवली तरी कापला जावा. टेक्ससमधल्या सतरा जत्रांमध्ये मी स्पर्धेला उतरलोय. पहिल्या दहांत नंबर? एकदाही नाही!

पण यात माझा काय दोष? दोष हिरवळीचा. बाकीच्या जत्रांमध्ये परीक्षकांना द्यायच्या डब्यात मांसाखाली पार्सलीच्या पानांची गादी घालू देतात. ती गादी घालायची माझी बायको, व्हर्लीन. एकेक पान कात्रीनं कापून, चिमट्यानं लावून! परीक्षक पानंच बघत बसायचे आणि मांसाकडे लग्नातल्या नवऱ्यामुलाइतकंही लक्ष जायचं नाही.

म्हणून यंदा आमच्या गावच्या जत्रेनं नियम बदलला तेव्हा मी उडीच मारली. डब्यात चंदेरी कागद, त्यावर मांसाचे सात काप. सजावट दिसली की डबा बाद!

"आता कळेल, मांस कुणाचं आणि मिरवत कोण होतं!" मी व्हर्लीनला म्हणालो.

"असं? मग यंदाही नंबर नाही आला तर ती मांसाची भट्टी अंगणातून जाईल. ऊन येणारा एकच कोपरा, त्यात तुझं धुराडं बसलंय. मला तिथं काकड्या लावायच्यात."

"आणि आला तर?"

"तर मरेपर्यंत भट्टीबद्दल चकार शब्द काढणार नाही."

हे तर ट्रॉफीपेक्षा मोठं बक्षीस! मी लगेच हात मिळवला. आतून मात्र टरकलो होतो. ती भट्टी मी आणि माझ्या वडिलांनी तेलाच्या जुन्या पाइपला वेल्डिंग करून बनवली होती. वडील गेले, भट्टी राहिली. ती दुसऱ्याच्या दारात उभी आहे, ही कल्पनाही मला सोसत नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी मी हिरव्या रंगाविरुद्ध युद्धच पुकारलं! व्हर्लीनला वीस पावलं मोजून लांब बसवलं. न जाणो, सवयीनं हात एखादं पान ठेवायचा. शेजारच्या भट्टीवरच्या रस्टीला त्याची हिरवी टोपी काढायला लावली.

"अरे, टोपीतून काय गळणार आहे?" तो वैतागला.

"आज धोका नको, रस्टी! गार्निश म्हणजे काय माहितीय का? ज्याला स्वयंपाक येत नाही त्याची पळवाट!"

बोलता बोलता मी लोणच्याच्या बरणीतली काकडी खात होतो. मांसाच्या धुरानं तोंड कोरडं पडतं, त्याला व्हर्लीनच्या काकडीसारखा उतारा नाही. रस्टीला अर्धा तास उपदेश केला, एकीकडे सात काप कागदावर नीट लावले, दोन्ही हातांनी झाकण दाबलं आणि बाराच्या ठोक्याला डबा पोचवला. डब्यावर नाव नसतं, फक्त आकडा. कुणाचा डबा ते परीक्षकांनाही कळत नाही.

वीस मिनिटांत लाउडस्पीकर खरखरला. "ऑर्विल कुबेना, परीक्षकांच्या तंबूत या. ताबडतोब!"

"ऐकलंस?" मी रस्टीला गदागदा हलवलं. "निकालाआधीच बोलावणं! त्यांना धीर निघाला नाही!"

शर्ट खोचला, भांग पाडला आणि वाटेत सात-आठ जणांचे हात हातात घेत तंबूत शिरलो. मुख्य परीक्षक डॉक्टर टिडवेल, म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर, माइकसमोर बसले होते. पुढ्यात एक उघडा डबा. सात काप, आणि वर ऐटीत विराजमान झालेली अर्धवट खाल्लेली हिरवीगार काकडी!

"अरेरे!" मी हळहळलो. "कुणाचा हो हा डबा? बिचारा!"

"तुझा."

"शक्यच नाही! त्यावर नाव कुठंय?"

"नाव नाही, दात आहेत. हा चावा बघ. मधे एवढी फट अख्ख्या जिल्ह्यात एकालाच आहे. अकरा वर्षं सांगतोय, ऑर्विल, दात बसवून घे."

मी जिभेनं फट चाचपली. होती.

"डॉक्टर, ही सजावट नाही हो, अपघात आहे!"

"हिरवं आहे आणि डब्यात आहे. बाद."

डोळ्यांपुढे भट्टी आली आणि माझी बुद्धी फिरली. मी त्यांच्या कानाशी वाकलो. "मग निदान असं सांगा, की व्हर्लीननं ठेवली. तिला पानाफुलांची खोड आहे, लोकांना पटेल. पैज मोडेल, माझी भट्टी वाचेल!"

डॉक्टरांनी फक्त माइककडे बोट दाखवलं. त्यावरचा लाल दिवा चालू होता.

माझी कुजबुज बाहेर अख्ख्या जत्रेनं ऐकली होती. मग पहिला हसला तो रस्टी. तंबूचा पडदा सरकला आणि व्हर्लीन आत आली.

"वीस पावलं लांब होते मी, ऑर्विल. तूच मोजलीस."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. माफी मागितली, तीही माइकवरच गेली.

सोमवारी भट्टी गेली. फार लांब नाही, डॉक्टर टिडवेलांच्या अंगणात. त्यांनीच ती घेतली, परीक्षकपद सोडलं आणि पुढच्या वर्षी स्वतः स्पर्धेत उतरले. नववा नंबर! वडिलांची भट्टी पहिल्यांदाच स्टेजवर गाजली आणि मी खाली उभा राहून डोळे पुसत टाळ्या पिटल्या.

तसा त्यात माझाही वाटा आहे बरं का! चौदा तास विस्तव मीच सांभाळला होता. काप पाडायलाही डॉक्टरांनी मलाच बोलावलं. फक्त डबा भरायला घेण्याआधी त्यांनी खिशातून छोटी बॅटरी काढली आणि म्हणाले, "ऑर्विल, आ कर."