लोटूआप्पांचं खलबत

लोटूआप्पा बायकोशी गुप्त बोलायला लागले की समोरच्या सुमनबाई आपला टीव्ही बंद करत. दोन्ही एकदम नीट ऐकू येत नाही म्हणून.

त्यात आप्पांचा तरी काय दोष? उभा जन्म लूमच्या खात्यात गेला. सुरतेत कापड विणायच्या कारखान्याला खातं म्हणतात, आणि खात्यात मशिनं अशी खडखडतात की शेजारच्याशी खाजगी बोलायचं म्हणजे त्याच्या कानाला तोंड लावून बेंबीच्या देठापासून ओरडायचं. हीच आप्पांची कुजबुज. कान केव्हाच गेले, सवय तेवढी राहिली. डिंडोलीच्या त्या गल्लीत त्यांच्या घरातलं एकही गुपित शिल्लक नव्हतं आणि हे आप्पा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. उषाबाई सांगून सांगून थकल्या. आप्पा म्हणत, "मी तर हळूच बोलस!" हेही नाक्यावरच्या चहावाल्याला ऐकू जाई.

त्या रविवारी त्यांच्या हर्षदाला बघायला नवागामचे पाहुणे येणार होते आणि उषाबाई सकाळपासून धुमसत होत्या. पाहुण्यांवर नाही, नवऱ्यावर. याआधीची दोन चांगली स्थळं आप्पांनी बातम्या बघून घालवली होती. पहिला मुलगा कापड रंगवायच्या मिलमध्ये. मिलला कोळसा परदेशातून येतो, तिकडे बिनसलं तर? नापास. दुसऱ्याचा स्वतःचा टेम्पो. आखातात लढाई पेटली तर डिझेलचं काय? नापास. आता सांगा, ज्या माणसाला आखात कुठल्या दिशेला आहे हे माहीत नाही, त्याने त्या आखातात आपल्या पोरीचं लग्न बुडवावं? उषाबाईंच्या जिवाची नुसती लाही लाही होत होती.

हे तिसरं स्थळ हर्षदाला मनापासून आवडलं होतं. मुलगा योगराज, कतारगामला हिरे घासतो. एका लग्नात उषाबाईंनी त्याला पंगतीत वाढताना पाहिलं होतं. म्हाताऱ्या माणसांच्या पानाशी तो वाकून उभा राहायचा. तेव्हाच त्यांच्या मनात भरला.

"आज जगनं नाव काढानं नही," त्यांनी आप्पांना दम भरला.

"मी कसाले काढू?" आप्पा म्हणाले.

पाहुणे आले. योगराजचे वडील काशिनाथभाऊ, आई सोनाबाई आणि खुद्द योगराज. खमण, शेव, चहा झाला. काशिनाथभाऊही लूमवालेच, त्यामुळे दोघे समोरासमोर बसून भांडल्यासारखे गप्पा मारत होते.

"खातं कसं चाली राह्यनं, आप्पा?"

"धडाक्यात! रातपाळीबी जोरमा! आनि योगराजना कारखाना?"

"त्याले तर सुट्टीच भेटस नही!"

सगळं गोडीत चाललं होतं. तेवढ्यात आप्पांचा चेहरा बदलला. आप्पा उठले, बायकोला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेले, दार लोटलं आणि कानाला तोंड लावलं.

"उषा! पोऱ्या चांगला शे! पन हिरा बठ्ठा परदेशमा खपस! तिकडना साहेबनी कर लावा, कारखाना बसना, की जवाई आपला ओट्यावर! आनि आपलं खातं अर्धं बंद शे, हाई त्यासले समजाले नको!"

ओट्यावरचं मांजर उठून गेलं. हर्षदाने हातातला कपांचा ट्रे खाली ठेवला. "मम्मी, बधाने संभळाय छे," ती रडवेली होऊन म्हणाली. सगळ्यांना ऐकू कसलं जातंय, पार रेल्वे लाईनपर्यंत गेलं असेल!

उषाबाईंनी दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. सोनाबाईंनी तोंडात पदर कोंबला होता. योगराज बशीतल्या खमणाकडे बघत बसला होता. काशिनाथभाऊ मात्र शांतपणे शेव खात होते. त्यांनी काही ऐकलंच नव्हतं! समोर बसून ओरडल्याशिवाय त्यांनाही कुठे काय ऐकू येणार? उषाबाईंना हायसं वाटलं.

ते जेमतेम घोटभर पाणी प्यायला पुरलं. कारण आता काशिनाथभाऊ उठले, सोनाबाईंना बाहेर ओट्यावर घेऊन गेले आणि त्यांनी बायकोच्या कानाला तोंड लावलं.

"पोर गुनी शे! पन बाप लूमवाला! तिकडे जहाजं अडकनात, सूत महाग व्हयनं, खातं बंद पडनं, की सासरा आपला घर! आनि योगराजना कारखाना अर्धा हप्ता बंद शे, हाई उघडं पडाले नको!"

भाजीवाल्याची हातगाडी गल्लीत जागच्या जागी थांबली. सुमनबाई तर बसायला वेताचा मोडा घेऊन खिडकीतच येऊन बसल्या. आप्पा आत पाण्याचा तांब्या शोधत होते, त्यांना पत्ताच नाही.

योगराज हळूच स्वयंपाकघराच्या दाराशी आला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "मावशी, पप्पा म्हणाले ते खरं आहे. पण मी रिकामा बसत नाही. बाकीचे दिवस मित्राचा टेम्पो चालवतो."

टेम्पो! म्हणजे पुन्हा आखात आलंच! उषाबाईंनी कपाळाला हात लावला. पण पोरगा खरं बोलला होता, आणि तेही न विचारता. हर्षदाने आईकडे पाहिलं.

दोन्ही बाप आपापली गुपितं राखून परत आले आणि एकमेकांकडे बघून हसले. काशिनाथभाऊ टोपी घालत म्हणाले, "मंग आम्ही कळाडतस."

"आम्हीबी कळाडतस," आप्पा म्हणाले.

कळवतो! पोरीच्या आईला हा शब्द काय सांगतो ते वेगळं सांगायला नको. हर्षदा मान खाली घालून आत वळली, आणि उषाबाईंचा बांध फुटला. त्या दोघांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. एका हाताने नवऱ्याचं डोकं जवळ ओढलं, दुसऱ्या हाताने काशिनाथभाऊंना खूण करून वाकवलं, आणि खात्यातल्यासारख्या ओरडल्या.

"काय कळाडतस? तुमनं खातं अर्धं बंद! तुमना पोऱ्याना कारखाना अर्धा बंद! तिकडना साहेबना घरना लगनं थांबनात का? लढाई करनारासना घरमा पाळना हालना बंद व्हयना का? त्यानी कर लावा तो लावा, मनी पोरवर तुम्ही दोन्ही कसाले लावतस?"

भाजीवाला टाळी वाजवणार होता, सुमनबाईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं.

दोन्ही बाप पांढरे पडले होते. बोलण्याने नव्हे, बातमी फुटल्याने.

"हाई तुमले कोनी सांगं?" काशिनाथभाऊंनी विचारलं.

"हां, कोनी सांगं?" आप्पांनीही घाबरून विचारलं.

आता लपवायला काही उरलं नव्हतं. मग काशिनाथभाऊच खाली बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हनजे तुमनंबी अर्धंच का, आप्पा?"

"अर्धंच, भाऊ. लाज वाटे सांगाले."

"मालेबी."

"मंग दोन्ही अर्धं मिळीसन एक तर व्हई," सोनाबाई पदरातून म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या आधी योगराज हसला. संध्याकाळच्या आत सुपारी फुटली. टेम्पोचं काय ते आप्पांना लग्नानंतर सांगायचं, असं दोघी विहिणींनी खरोखरच्या कुजबुजीत ठरवून टाकलं.

पाहुणे गेल्यावर आप्पा बराच वेळ दारं-खिडक्या न्याहाळत फिरले. मग बायकोला कोपऱ्यात घेऊन गेले आणि कानाला तोंड लावलं.

"उषा! आपला घरमा कोनीतरी फितूर शे! आते जपी बोलनं पडी! लगीन आखाजीना मुहूर्तवर ठरनं शे, पन हाई कोनले समजाले नको!"

"नही सांगत आप्पा, कोनलेच नही!" समोरून सुमनबाई ओरडल्या. "पन आखाजीले मी माहेरले जास! थोडं पुढे ढकला ना!"

आप्पांना अर्थातच काही ऐकू आलं नाही. उषाबाईंनी खिडकीतून सुमनबाईंकडे बघून मान डोलावली आणि नवऱ्याच्या कानाला तोंड लावून, आखाजीला, म्हणजे साडेतीन मुहूर्तांतल्या अक्षय्य तृतीयेला, यंदा मुहूर्तच नाही, असं गुपचूप सांगून टाकलं.