लाल रेघेखालच्या गाद्या

गादीवाल्याच्या दुकानात दर पावसाळ्यात पाणी शिरे, ही बाब सर्वांना मान्य होती. रस्त्याचा उतार दुकानाकडे होता, दुकानापुढचं गटार तुंबलेलं होतं, आणि ज्या कापसाने ते तुंबलं होतं तो याच दुकानातून उडालेला होता. याबद्दल कोणाचंही दुमत नव्हतं. गेल्या वर्षी निम्मा माल भिजला, तेव्हा सासऱ्यांनी शांतपणे सांगितलं होतं, की पुन्हा असं झालं तर दुकानाला कुलूप लावायचं आणि आपल्या पिठाच्या गिरणीत पोती उचलायला यायचं. गादीवाल्याला सासऱ्यांची भीती वाटे आणि पोत्यांची त्याहून जास्त.

"अहो, ते गटार उपसून टाका," बायको म्हणाली. "अर्ध्या दिवसाचं काम आहे."

गादीवाला उठलाही. फावडं घेऊन दारापर्यंत गेला, तर मेहुणा आडवा आला. हा मेहुणा नुकताच 'छोट्या व्यवसायांची मोसमी आपत्ती-सज्जता' या विषयाचं शिबिर करून परतला होता. तिथे त्याला चकचकीत जाकीट, शिट्टी आणि आत्मविश्वास मिळाला होता. पैकी आत्मविश्वास त्याच्याकडे आधीही होता.

"भाऊजी, फावडं खाली ठेवा. आराखडा नसताना केलेल्या कामाला शिबिरात काय म्हणतात, माहीत आहे?"

"काय?"

"घाई."

गादीवाल्याने फावडं खाली ठेवलं. तसं ते जडच होतं.

"आणि गटाराचं काय?" बायकोने विचारलं.

"ताई, गटार हे आपत्तीचं कारण. आपण करतोय ती सज्जता. कारणांचं शिबिर वेगळं असतं."

आठवड्याभरात साधनं आली. दोरखंड, बॅटऱ्या, भोंगा, तरंगायची जाकिटं आणि फुगवायची एक होडी. साधनं उंचावर आणि कोरडी राहायला हवीत, हे ओघानेच आलं, कारण तीच भिजली तर माल वाचवायचा कशाने? उंचावर फळ्या होत्या आणि फळ्यांवर गाद्या. म्हणून गाद्या जमिनीवर उतरल्या आणि होडी फळीवर चढली.

"अरे, पण गाद्याच तर वाचवायच्यात ना?" बायको म्हणाली.

या प्रश्नाचं गांभीर्य ओळखून मेहुण्याने तिला तिथल्या तिथे संपर्कप्रमुख नेमलं आणि भोंगा तिच्या हाती दिला. तिने तो नवऱ्यावर वापरून पाहिला. नवऱ्याने पहिल्या हाकेला ओ दिली. लग्नानंतर असं पहिल्यांदाच घडत होतं. गटाराचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

मग मेहुण्याने भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला एक लाल रेघ मारली.

"पाणी या रेघेला लागलं की आपत्ती. मी शिट्टी वाजवणार, ताई भोंग्यातून हाक देणार, साधनं खाली येणार, आणि तुम्ही गाद्या वर चढवणार."

"आणि रेघेच्या खाली असलं तर?"

"तो ओलावा."

रंगीत तालीमही झाली. उशी घ्यायला आलेल्या एका बाईंना तिघांनी होडीत बसवून उचलत उचलत रस्त्यापर्यंत सुखरूप नेलं. बाई पुन्हा दुकानाकडे फिरकल्या नाहीत, तेव्हा स्थलांतर कायमस्वरूपी यशस्वी झाल्याची नोंद घेण्यात आली.

आणि एके दुपारी जोराचा पाऊस सुरू झाला. रस्ता भरला, गटाराने हात वर केले, आणि पाणी सवयीने उंबरा ओलांडून आत आलं. गादीवाला धावत जाऊन गादी उचलायला वाकला.

"भाऊजी, शिट्टी झाली का?"

"अरे, पाणी आलंय."

"पाणी आलंय. आपत्ती कुठे आलीये?"

तिघं रेघेकडे बघत उभे राहिले. पाणी घोट्याला लागलं आणि तिथेच थांबलं. दारातून आत येत होतं, पण वर चढत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच गादीवाला पाणी वाढावं म्हणून मनातल्या मनात हात जोडत होता. त्याला रडू येत होतं, पण अश्रूंनी पातळी वाढली तर मोजमाप चुकेल, असं मेहुण्याने बजावलं होतं. गाद्या मात्र फुगत होत्या. आधी खालची, मग तिच्यावरची, मग तिच्याही वरची. पाऊस थांबला तेव्हा फरशीवर पुसण्यापुरतंही पाणी उरलं नव्हतं.

"रेघ कोरडी आहे," मेहुणा म्हणाला. "आपत्ती टळली."

शेजारचा छत्रीवाला मुद्दाम अभिनंदनाला आला. "यंदा माझ्याकडे टिपूसही आलं नाही हो. सगळं तुमच्याकडेच जिरलं. तुमच्या आराखड्याला मानलं."

दुसऱ्या दिवशी सासरे आले. त्यांनी एक गादी बोटाने दाबली. त्यांचा बूट भरला. गादीवाल्याच्या डोळ्यांपुढे पोतीच पोती उभी राहिली.

"माल भिजला," सासरे म्हणाले.

"बाबा, पूर कोणी अडवला?" मेहुण्याने विचारलं. "या गाद्यांनी. जे पूर अडवतं ते साधन. भिजलीत ती साधनं, माल नाही."

सासऱ्यांनी बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. शिबिराला मुलाला त्यांनीच पाठवलं होतं.

"मग माल कुठाय?"

"येईल ना. साधनं जरा वाळली की."

सासरे गिरणीत परतले, एकटेच. गादीवाल्याला इतकं हायसं वाटलं की त्याने मेहुण्याला मिठी मारली. गाद्या वरवर सुकल्या, त्यांना नवीन खोळी चढल्या, आणि प्रत्येकीवर एक सोनेरी पट्टी शिवली गेली: 'प्रत्यक्ष पुरात तपासलेली.' दुकानापुढे रांग लागली. रांगेतल्या एकानेही गादी दाबून पाहिली नाही. पट्टी मात्र प्रत्येकाने वाचली, काहींनी दोनदा.

गटार अजून तुंबलेलंच आहे. त्यावर तुम्ही आता हसताय, तर हसा. पण तुमच्या गादीला पायाकडच्या बाजूला कुबट वास येतो ना? गादी एकदा उन्हात टाका, असं घरात कोणीतरी तुम्हाला म्हणालंही असेल. अर्ध्या दिवसाचं काम आहे. तुम्ही बाजारात गेलात आणि सुगंधी फवारा घेऊन आलात.