सर्चमधी नाई तं नाईच

दोन हजार बावीस साल. माझं वय तेव्हा त्र्याहत्तर, आणि त्या वयात मला पहिल्यांदा समजलं की मी नाहीच.

सांगणारा माझा शेजारी डोमाजी. मी त्याच्याच ओसरीवर चहा पीत बसलो होतो. त्यानं फोनमधल्या बाईला माझं नाव, गाव, तालुका चामोर्शी, सारं सांगून पुसलं. मग मान हलवली.

"गणपतभाऊ, तू नाई हाय. एक गणपत नांदेडले हाय, त्याचं टायरचं दुकान हाय. पण तू नाई."

"मंग हा चहा कोण पिऊन राह्यला?"

"ते मले नाई माहीत. सर्चमधी नाई तं नाईच."

डोमाजीनं उभा जन्म राइस मिलमध्ये पोती उचलली. जावयानं फोन दिला तेव्हापासून त्याचं डोकं त्या फोनमध्येच राहायला गेलं. लिहिता येत नाही, म्हणून बोलून पुसतो. मी तिसरी शिकलो, पण फोनला काही पुसत नाही. ज्याला माझं नाव माहीत नाही, त्याला मी काय पुसायचं?

वांगेवाली दारात टोपली उतरवून बसते, आणि हा भाव फोनला पुसतो. "बाई तं कमी सांगून राह्यली." वांगेवाली म्हणते, "मंग तिच्याच घरून आणा, भाऊ."

एकदा वाघानं मागच्या पांदीतून बकरी नेली. साऱ्या गावानं पंजे पाहिले. डोमाजी म्हणे, बातमी नाई, तं वाघ नाई. दोन दिवसांनी बातमी आली, तेव्हा यानं आपली गाय आत बांधली.

शिवरात्रीच्या आधी एका संध्याकाळी तो माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. बसला नाही.

"कौतिका नाई हाय," म्हणाला.

कौतिका त्याची बायको. जन्मभर तो तिला 'पोरीची माय' म्हणायचा. तिचं नाव त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं, तेही ती जाऊन तीन वर्षं झाल्यावर.

"डोमाजी, ते तं साऱ्यायले माहीत हाय."

"तसं नाई. सर्चमधी नाई. माहेरचं नाव बी घेऊन पाह्यलं. साडीचं दुकान निघते."

मी त्याच्या नेहमीच्या वाक्याची वाट पाहिली. ते आलं नाही.

"मी बी कुठी हाय त्याच्यात?"

"तुझं काय. तू दिसून राह्यला."

 

मार्कंड्याच्या जत्रेला पायी जाणारे लोक आमच्या दारावरून जातात. दर शिवरात्रीला कौतिका रस्त्याच्या आंब्याखाली रांजण भरून बसायची. "प्या जी, थंड हाय." ती गेली, तेव्हापासून रांजण पालथा होता.

जावयानं सांगितलं, फोनच्या नकाशात माणूस टाकता येत नाही, जागा टाकता येते. डोमाजीला तेवढं पुरलं. आंब्याचा फोटो काढला, नाव सांगितलं, 'कौतिकाबाईची पाणपोई'. मग फोननंच पुसलं, किती वाजता उघडते?

इथे गडी अडला. दुसऱ्यानं काहीही ठोकून दिलं असतं. पण सर्चमध्ये खोटं असतं हेच त्याला मान्य नाही, तर स्वतः कसं टाकणार? त्यानं रांजण सरळ केला, घासला, ओलं फडकं गुंडाळलं, विहिरीवरून पाणी आणून काठोकाठ भरला. वाटेनं जाणारी एक बाई पाणी पिऊन गेली, तेव्हा जावयाला म्हणाला, "आता टाका, जवाईबापू. सकाळी सहा."

त्यानंतर रोज पुसायचा, आणि रोज साडीचं दुकान निघायचं. शेवटी एका संध्याकाळी फोन हातात धरून आला. "ऐक." फोनमधल्या बाईनं शहरातल्या मास्तरणीसारखं जपून म्हटलं, "कौतिकाबाईची पाणपोई." त्यानं तिला पुन्हा म्हणायला लावलं. मग पुन्हा. मी आंब्याकडे पाहत राहिलो.

"तुझं बी काही टाकू का, गणपतभाऊ?"

"मले नको. मी दिसून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंधारातच विहिरीवर गेलो, घागरीनं पाणी आणून रांजण भरला. फोनमध्ये सहा लिहिलं होतं, आणि डोमाजी सातशिवाय उठत नाही.