सीतेचा फारम आणि देशांची श्रीमंती

जगात काही देश श्रीमंत आहेत आणि काही गरीब. हा भेद मिटायचा तेव्हा मिटेल. पण त्याचा अभ्यास कुणालाही, कुठंही, बसल्या जागी करता येतो, ही मानवजातीची मोठीच सोय आहे. बालाघाटात ही सोय १९६१ पासून उपलब्ध आहे. त्या वर्षी गुणाकरराव, सरकारी हेडक्लार्क आणि अर्थशास्त्राचे एम. ए. (खाजगीरीत्या, तिसऱ्या प्रयत्नात), यांनी आपल्या ओसरीवर आर्थिक विकास अभ्यास मंडळ स्थापन केलं. सदस्य पाच, खुर्च्या चार. मी चिटणीस असल्यामुळं सतरंजीवर बसे.

दर रविवारी चहाच्या दोन फेऱ्यांमध्ये देश गरीब का राहतो याचं एक कारण शोधायचं आणि रजिस्टरात नोंदवायचं, असा नियम होता. तीन वर्षांत एकशे एकतीस कारणं जमली. हवामान, बचतीचा अभाव, यंत्रांचा अभाव, दुपारची झोप, राजधानी नागपूरहून भोपाळला जाणं (हे वकील मधुकररावांचं, त्यांची नागपूरची प्रॅक्टिस बसली होती). चहा गुणाकररावांच्या पत्नी मीनाक्षीवहिनी करत. त्या मॅट्रिक होत्या, पण सदस्य नव्हत्या. कारण मग चहा कोण करणार, हा प्रश्न अर्थशास्त्रात अजून सुटलेला नाही.

१९६४ च्या जूनमध्ये एक नवा सिद्धांत आमच्या हाती लागला. यंत्रं आणि पैसा पुरेसा नाही. शिकलेली, तरबेज माणसं हेच देशाचं खरं भांडवल. गुणाकरराव इतके हेलावले की त्यांचा चहा गार झाला.

या सिद्धांतावर चर्चेचा तिसरा रविवार चालू असताना तुळसाबाई आली. ही किरनापुरची, राइस मिलमध्ये धान पाखडणारी विधवा. सोबत मुलगी सीता, यंदाच मॅट्रिक झालेली.

"भाऊ, पोरीले जबलपूरले नर्सच्या ट्रेनिंगले जाचं हाय," तुळसाबाई म्हणाली. "फारमवर दोन शिकल्या मानसायच्या सह्या पाह्यजे म्हन्ते. तुमी त पाच पाच जन बसले."

"बाई, अगदी वेळेवर आलात!" गुणाकरराव म्हणाले. "आमचा विषयच तो आहे. फारम ठेवून जा."

"शुक्रवार आखरी तारीख हाय जी."

"हौ, हौ. पण आधी एक सांगा. या भागातल्या मुली पुढं का जात नाहीत?"

"सही नाही भेटत म्हणून," सीता म्हणाली.

मधुकररावांनी मान हलवली. "ही व्यक्तिगत अडचण झाली. आम्हाला मूलभूत कारण पाहिजे."

मायलेकी गेल्यावर चर्चा रंगली. अनोळखी मुलीच्या चारित्र्याची हमी द्यावी काय? बाहेरून मदत मिळाल्यास विकास परावलंबी होत नाही काय? अखेर दोघांची पोटसमिती नेमली. तिनं पुढच्या रविवारी अहवाल द्यायचा होता. (शेवटची तारीख शुक्रवार होती, पण पोटसमितीच्या कार्यकक्षेत तारखा येत नव्हत्या.) फारम रजिस्टराखाली सुरक्षित ठेवण्यात आला.

बुधवारी तुळसाबाई पुन्हा आली. गुणाकरराव कचेरीत होते. मीनाक्षीवहिनींनी फारम काढला आणि उभ्यानंच पूर्ण वाचला.

"शिकलेली माणसं म्हणजे पुरुषच, असं यात कुठं लिहिलंय?" त्या म्हणाल्या.

लग्नानंतर त्यांनी कुठंच सही केली नव्हती. म्हणून आधी एका जुन्या पाकिटावर तीनदा गिरवून पाहिली. चौथी फारमवर केली. दुसरी सही शेजारच्या गल्लीतल्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई प्रेमलताबाईंकडून आणली. ट्रेनिंगचे फारम सरकारी दवाखान्यात घेत, तिथं संध्याकाळच्या आत तो जमा झाला.

रविवारी पोटसमितीनं अकरा पानी अहवाल सादर केला. त्यात सही करण्याची 'तत्त्वतः' शिफारस होती. गुणाकररावांनी पेनाचं टोपण काढलं. फारम सापडेना.

"घेऊन गेली वाटतं," ते खिन्नपणे म्हणाले. "हेच तर! या लोकांत चिकाटी नाही."

मी कारण क्रमांक १३२ लिहून घेतलं. वहिनींनी चहा आणला. (त्या दिवशी तो बिनसाखरेचा होता, कारण नोंदलेलं नाही.)

तीन वर्षांनी सीता नर्स होऊन परतली. जिल्ह्यातल्याच लामत्याच्या दवाखान्यात नेमणूक झाली. रुजू होण्याआधी ती पेढे घेऊन आली, ओसरी ओलांडून थेट स्वयंपाकघरात गेली आणि वहिनींच्या गळ्यात पडून बराच वेळ रडली. ती बाहेर आल्यावर गुणाकररावांनी तिला पगार विचारला आणि मला मजकूर सांगितला : योग्य सिद्धांत मांडला गेल्यास मानवी भांडवल आपोआप निर्माण होतं.

"काका, आपोआप नाही झालं," सीता म्हणाली.

"विनयशीलताही लिही," ते मला म्हणाले.

१९७० मध्ये मंडळाचा अहवाल छापून निघाला. त्यावर सतरा पत्रं आली. चौदा जणांनी सीतेच्या पगाराचा नक्की आकडा मागितला. परवा वहिनींनी मला सहज सांगितलं की मॅट्रिकला गणितात सीता जिल्ह्यात पहिली होती. फारमवर ठळक लिहिलं होतं. पाच सुशिक्षितांपुढं तो फारम पडला होता, आणि आम्ही कुणी तो वाचला नाही. आमचं सोडा. तुम्ही इथवर वाचत आलात. पोरगी अभ्यासात कशी होती, हे तुम्हाला तरी एकदा विचारावंसं वाटलं?