'इंग्लिश' म्हणू नये

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या मसाल्याच्या कारखान्यात एका सोमवारी मुझम्मिल पावसकर यांनी ऑफिसच्या ग्रुपवर लिहिले, 'इंग्लिश साब आ गये.' मुझम्मिल रत्नागिरीकडचे. अठरा वर्षे गेटवर मालाची आवक-जावक पाहत होते आणि या ईदनंतर सुपरवायझर होणार होते.

आलेले साहेब म्हणजे क्वालिटी मॅनेजर कॅलम. ते ग्लासगोचे. ग्रुपवर तेही होते. "मी इंग्लिश नाही, स्कॉटिश आहे," असे हसत म्हणून त्यांनी चहा मागवला. त्यांच्या दृष्टीने विषय खलास. पण जनरल मॅनेजर प्रल्हादराव चिटगोपेकर दारात उभे होते. त्यांनी एचआरच्या गिरिजाला केबिनमध्ये बोलावले.

"गिरिजा, मॅटर सेन्सिटिव्ह आहे. शब्दांनी माणूस जखमी होतो."

"सर, ते तर हसले."

"तेच म्हणतोय मी. आतून तुटलेला माणूसच असा हसतो."

गिरिजाला हे पटले नाही. तरी तिने वहीत 'आतून तुटलेला' असे लिहून घेतले. बारा वर्षांच्या नोकरीत तिचा हात तिच्या मताच्या आधी चालू लागला होता.

योग्य शब्द ठरवण्यासाठी समिती नेमली गेली आणि गिरिजा तिची सचिव झाली. 'इंग्लिश' पहिल्याच बैठकीत बाद झाला. 'ब्रिटिश' म्हटले की शाळेतला इतिहास आठवतो आणि आवाज आपोआप चढतो, म्हणून तोही गेला. 'गोरे' रंगावरून होता. 'साहेब'ला तत्त्वतः कुणाची हरकत नव्हती, पण तो शब्द प्रल्हादरावांसाठी आधीच वापरात होता. गिरिजाने सुचवले, त्यांना नुसते कॅलम म्हणू या, त्यांनी स्वतःच तसे सांगितले आहे. सूचना विषयपत्रिकेवर नसल्यामुळे फेटाळण्यात आली.

चौथ्या बैठकीत 'युनायटेड किंग्डम-मूलक सन्माननीय सहकारी' हा शब्द एकमताने मंजूर झाला. तो पूर्ण उच्चारायचा होता. संक्षेप केल्यास अवहेलना समजली जाणार होती.

"सर, डिझाइनमधला अर्शही बर्मिंगहॅममध्ये जन्मलाय," गिरिजा म्हणाली. "पासपोर्ट तिकडचाच आहे. त्यालाही हेच म्हणायचं ना?"

"अर्श? छे. तो आपला माणूस आहे."

त्यानंतर दोन तासांचे ट्रेनिंग झाले. कामगारांकडून तो शब्द तीन-तीनदा घोकून घेतला. कॅलमना स्वतंत्र समुपदेशन देऊ केले. आपल्याला काहीही लागलेले नाही, असे त्यांनी लेखी कळवले. समितीने ते पत्र 'इजेची जाणीवही हरपल्याचा पुरावा' म्हणून फाइलला लावले.

पुढच्या बुधवारी माल चढवायच्या जागी, लोडिंग बेवर, मिरचीच्या खोक्यांची थप्पी कलली. खाली कॅलम पाठमोरे उभे होते. मुझम्मिलनी ते पाहिले. एरवी त्यांनी "साब, हटो" म्हटले असते. पण ट्रेनिंगच्या हजेरीपटावर त्यांची सही होती, आणि सुपरवायझरची जागा अजून मिळायची होती.

"युनायटेड किंग्डम-मूलक," ते जीव तोडून ओरडले, "सन्माननीय..."

'सहकारी' म्हणेपर्यंत खोकी खाली आली होती. कॅलमचा पाय दोन ठिकाणी मोडला.

समितीची तातडीची बैठक बसली. शब्दांनी इजा होते, हे समितीचे म्हणणे आता एक्स-रेसकट सिद्ध झाले होते. दोष शब्दाचा नव्हता, उच्चाराच्या वेगाचा होता. मुझम्मिलना ताकीदपत्र द्यायचे आणि बढती दोन वर्षे थांबवायची, असे ठरले. हॉस्पिटलमधून कॅलमचा फोन आला, त्या माणसाला सोडा म्हणून. प्रल्हादरावांचे डोळे भरून आले. "बघ, अजून धक्क्यातच आहेत," ते म्हणाले.

"पण सर, मुझम्मिलभाईंना किती लागेल हे?"

"त्यांना काय लागतंय? आपला माणूस आहे. तू समजावून सांग."

गिरिजाने पत्र टाइप केले. तिला राग आला होता, तरी पत्रात चूक एकही झाली नाही. मुझम्मिल समोर येऊन उभे राहिले, तेव्हा बसा म्हणायचेही तिच्या लक्षात आले नाही.

"मुझम्मिलभाई, मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "तुम्ही आपलेच आहात, म्हणून हक्कानं सांगते."

त्यांनी पत्र सावकाश, शेवटपर्यंत वाचले. सही केली. पेनाला टोपण लावून ते टेबलावर नीट ठेवले.

"मॅडम," ते म्हणाले, "हे 'आपला' काढून घ्यायचं झालं, तर अर्ज कुठे करायचा?"

 ते गेल्यावर तोच प्रश्न घेऊन ती प्रल्हादरावांच्या केबिनमध्ये गेली. या वेळी वही स्वतःच्या टेबलावरच ठेवली.

प्रल्हादराव मनापासून हसले.

"अगं, आपल्या-आपल्यात कसले अर्ज?" ते म्हणाले. "आणि हो, या शनिवारी सुट्टी नको घेऊस. रिपोर्ट पुरा करायचाय. बाहेरच्या कुणाला मी असं सांगू शकत नाही."

गिरिजाला बरे वाटले. ती हो म्हणाली.